दुहेरी दुखणे : कोवळ्या वयातील आघात आणि व्यसन

वस्तीतील चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा व्हाइटनर हुंगताना किंवा गांजा ओढताना सापडला, की आपण म्हणतो, "संगत वाईट." बाप मारतो, शाळा दाखला हातात देते. पण या मुलाला रात्री झोप का लागत नाही, हे कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आघात म्हणजे काय?

घरातील मारहाण, लैंगिक अत्याचार, जातीय हल्ला, भीषण अपघात, जवळच्या माणसाचा डोळ्यांदेखत मृत्यू अशा घटनांनी मनाला जो हादरा बसतो, त्यास मानसिक आघात म्हणतात. आधार मिळाल्यास बरीच मुले सावरतात. काहींच्या बाबतीत मात्र महिना उलटला तरी तीच दृश्ये डोळ्यांसमोर येतात, वाईट स्वप्ने पडतात, लहानशा आवाजानेही दचकायला होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० साली आपल्या विकारसूचीत या आजारास स्वतंत्र स्थान दिले.

व्यसनाशी नाते

नशेने ती आठवण घटकाभर बोथट होते. म्हणजे मुलगा मौज म्हणून नव्हे, तर औषध म्हणून नशा करू लागतो. एडवर्ड खान्तझियन या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८५ साली हाच विचार मांडला. परंतु नशा उतरली की भीती दुणावते, झोप आणखी बिघडते आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो. शिवाय नशेतील मुलावर नवा अत्याचार होण्याचा धोका वाढतो तो वेगळाच.

आपल्या देशात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार हुंगण्याच्या नशेचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर मुलांत १.१७ टक्के आढळले. प्रौढांपेक्षा मुलांत अधिक प्रमाण असलेली ही एकच नशा होती.

उपचार कोणता आधी?

पूर्वीची समजूत अशी, की आधी व्यसन सोडवावे, मग मनाचे पाहावे. परिणामी या टेबलावरून त्या टेबलावर फिरणाऱ्या फाईलसारखी मुलाची गत होते आणि काम कोठेच होत नाही. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात कार्ला डॅनियलसन व सहकाऱ्यांनी १३ ते १८ वयाच्या १२४ मुलामुलींवर दोन्हींचा एकत्र उपचार तपासून पाहिला. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत एकत्र उपचार घेणाऱ्यांचे नशेचे दिवस अधिक कमी झाले. आघाताविषयी बोलते केल्यास मुले जास्त नशा करतील, ही भीती खरी ठरली नाही.

अशा उपचाराचे मुख्य टप्पे पुढीलप्रमाणे :

१) सुरक्षितता : अत्याचार चालू असेल तर तो प्रथम थांबवणे. त्याशिवाय बाकी सर्व व्यर्थ.
२) वैद्यकीय तपासणी : दारू किंवा ब्राउन शुगर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय एकदम तोडू नये.
३) मन आवरण्याची साधने : श्वासाकडे लक्ष देणे, झोपेची शिस्त, तलफ आल्यावर काय करावे याची तयारी.
४) हकीगत सांगणे : प्रशिक्षित समुपदेशकासमोर, मुलाच्या कलाने, हळूहळू.
५) कुटुंबाचा सहभाग : आईवडिलांनी मारणे सोडून ऐकणे शिकणे. मात्र अत्याचार करणाराच घरातील असेल तर त्यास दूर ठेवणे.

मध्येच मुलगा घसरला, तर उपचार फसला असे मानू नये. घसरण्याआधी काय घडले, ते शोधावे.

आपले कर्तव्य

व्यसन हा आजार आहे, हे पुण्याच्या मुक्तांगणने १९८६ पासून महाराष्ट्राला शिकवले. आपण पाचवे शील रोज ग्रहण करतो. ते स्वतः पाळण्यासाठी आहे, आजारी मुलाला हिणवण्यासाठी नव्हे. असा मुलगा दिसल्यास "का पितोस?" ऐवजी "काय झाले बाळा?" असे विचारावे. तो सांगेल तेवढे ऐकावे, खोदून विचारू नये आणि त्याची गोष्ट चार घरी सांगू नये. संकटातील बालकांसाठी १०९८, मानसिक आरोग्यासाठी १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक विहारात व अभ्यासिकेत लावावेत.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या बाकावरचा मित्र गप्प गप्प राहू लागला, तर त्याच्याजवळ बसा. उपचाराची सुरुवात बहुधा तेथूनच होते.