परदेशात आजारपण : रजेचा आणि पगाराचा हिशोब

आखातात कामाला निघालेला आपला माणूस पगार विचारतो, राहण्याची जागा विचारतो, ओव्हरटाइम विचारतो. आजारी पडलो तर काय, हा प्रश्न मात्र तो विचारत नाही. मीही विचारला नव्हता. त्याची किंमत मोजली, म्हणून हे चार शब्द व्यापारी व कारागीर बंधूंसाठी लिहीत आहे.

1996 साली मी दुबईच्या देरा भागात एका कापड दुकानात सेल्समन होतो. नोकरीला दोन वर्षे झाली होती, पगार 1,200 दिरहम. ऐन उन्हाळ्यात मूतखड्याचा त्रास सुरू झाला. खोलीतल्या साथीदारांनी दवाखान्यात नेले. 22 दिवस कामावर जाता आले नाही. महिनाअखेर मालकाने 22 दिवसांचे 880 दिरहम कापले आणि मी मुकाट्याने सही केली. माझे शिक्षण उर्दू शाळेत झालेले. अरबी-इंग्रजीतले करारपत्र मी कधी कोणाकडून वाचून घेतले नव्हते.

पुढे कळले की 1980 च्या तिथल्या कामगार कायद्यात आजारपणाची रजा होती. पहिले 15 दिवस पूर्ण पगार, पुढचे 30 दिवस अर्धा. म्हणजे रोजचे 40 दिरहम धरले तर 15 दिवसांचे 600 आणि 7 दिवसांचे 140, एकूण 740 दिरहम माझ्या हक्काचे होते. कपात फक्त 140 ची व्हायला हवी होती. त्या महिन्यात घरी ड्राफ्ट गेला नाही आणि वालिदांना उधारी करावी लागली.

आजचा नियम काय?

संयुक्त अरब अमिरातीत 2 फेब्रुवारी 2022 पासून नवा कायदा लागू आहे. वर्षाला 90 दिवसांची आजारपणाची रजा मिळते : 15 दिवस पूर्ण पगार, 30 दिवस अर्धा, 45 दिवस बिनपगारी. मात्र दोन अटी ध्यानात ठेवाव्यात. प्रोबेशनच्या काळात आजारपणाचा पगार मिळत नाही. आणि आजारी पडल्यापासून तीन कामकाजी दिवसांच्या आत मालकाला कळवून डॉक्टरचा दाखला द्यावा लागतो. नुसता फोन पुरेसा समजू नये. लेखी कळवावे व त्याची नक्कल जवळ ठेवावी.

सौदी अरेबियात वर्षातले पहिले 30 दिवस पूर्ण पगार, पुढचे 60 दिवस पाऊण पगार आणि नंतरचे 30 दिवस बिनपगारी, असा हिशोब आहे.

दवाखान्याचा खर्च कोणाचा?

दुबईत 2013 च्या कायद्याने आरोग्य विमा सक्तीचा झाला. नोकराचा हप्ता मालकाने भरायचा असतो, पगारातून कापायचा नसतो. शारजासह उत्तरेकडील अमिरातींतही खाजगी नोकरांसाठी 1 जानेवारी 2025 पासून विमा सक्तीचा आहे. सौदीतही ही जबाबदारी मालकाचीच. कार्ड हाती येताच कोणते दवाखाने त्यात बसतात आणि आपल्याला किती टक्के भरावे लागतात, हे विचारून घ्यावे. दुखणे सुरू झाल्यावर ही चौकशी करायला वेळ नसतो.

जे दहावी पास नाहीत अशा ईसीआर पासपोर्टधारकांना निघण्यापूर्वी प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावीच लागते. 2017 च्या नियमांनुसार दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये अधिक कर असा होता. अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वाला 10 लाखांचे संरक्षण मिळते. हा कागद एजंटच्या फाइलीत राहू देऊ नये.

व्हिजिट व्हिसाचा धोका

आपले पुष्कळ शिंपी आणि जरीकाम करणारे कारागीर ‘आधी व्हिजिटवर या, मग पाहू’ या वायद्यावर जातात. व्हिजिटवर काम करणे बेकायदेशीर आहे. तिथे ना आजारपणाची रजा, ना मालकाचा विमा. दवाखान्याचे बिल स्वतःच्या खिशातून जाते. मालखरेदीसाठी जाणाऱ्या व्यापाऱ्यांनीही प्रवास विमा काढूनच निघावे.

औषधे नेताना

साखरेची किंवा रक्तदाबाची औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीसह, मूळ पाकिटात न्यावीत. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रॅमाडॉलच्या गोळ्यांवर अमिरातीत नियंत्रण आहे. परवानगीशिवाय नेल्यास मामला अटकेपर्यंत जाऊ शकतो. शेजाऱ्याने ‘माझ्या भावाला द्या’ म्हणून दिलेली औषधाची पुडी तर घेऊच नये.

कोणाचाच आधार उरला नाही तर भारतीय दूतावास वा वाणिज्य दूतावासात जावे. 2009 साली सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून गरजू आजाऱ्याला तातडीच्या उपचारासाठी मदत मिळू शकते.

शेवटी एवढेच करावे : करारपत्र जाणत्याकडून वाचून घ्यावे, आणि ते, विमा कार्ड व व्हिसा यांची एकेक नक्कल घरी ठेवून जावे. आपण खाटेवर पडलो तर आपल्यासाठी धावपळ करणाऱ्याच्या हातात निदान कागद तरी असतील.