चुकीचा पर्यायही तपासावा लागतो



मागच्या सत्रात मी आठवीला विज्ञानाची बहुपर्यायी चाचणी दिली. धडा न वाचता आलेल्या एका मुलाला २० पैकी १४ मिळाले! विचारलं तर म्हणतो, "सर, तुमचं बरोबर उत्तर नेहमी सगळ्यात लांब असतं." पेपर काढून पाहिला, पोरगं खरं बोलत होतं.

अशी पळवाट जिथे परवडणारच नाही, तिथे पेपर कसा तपासत असतील? मला सापडलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथे अणुवीज केंद्राच्या नियंत्रण कक्षात काम करायला परवाना लागतो. (आपल्याकडे तारापूरलाही लागतो.) लेखी पेपरात ऑपरेटरला ७५ बहुपर्यायी प्रश्न, वरिष्ठ ऑपरेटरला आणखी २५, आणि उत्तीर्ण व्हायला ८० टक्के. सिम्युलेटरवरची परीक्षा वेगळी. पेपर बऱ्याचदा केंद्राचेच लोक काढतात, पण उमेदवारांच्या हाती पडण्याआधी अणुनियामक आयोगाचे परीक्षक एकेक प्रश्न तपासतात.

बरोबर उत्तर तर ते बघतातच. पण चुकीच्या पर्यायांनाही धारेवर धरतात. अर्धवट अभ्यास झालेल्याला हा पर्याय खरा वाटेल का? एक पर्याय अगदीच पोकळ असेल तर तो दुरुस्त करायचा. एकाहून जास्त पोकळ असतील तर प्रश्नच नापास. उमेदवार नव्हे हं, प्रश्न! काठिण्याला १ ते ५ अंक देतात आणि २ ते ४ मधलेच प्रश्न चालतात.

इतकं काटेकोर का, ते एका घटनेवरून कळतं. २८ मार्च १९७९, पेनसिल्व्हेनियातलं थ्री माइल आयलंड केंद्र. दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला. पॅनेलवरचा दिवा मात्र 'बंद हो' हा आदेश गेला एवढंच सांगत होता, व्हॉल्व्ह खरोखर बंद झाला की नाही ते नाही. दाब घसरत होता, पण प्रेशरायझर नावाच्या टाकीत पाण्याची पातळी चढत होती. ऑपरेटरांना वाटलं, पाणी भरपूर आहे. त्यांनी आणीबाणीचं पाणी कमी केलं. प्रत्यक्षात भट्टीतलं पाणी कमी होत होतं आणि आत तयार झालेली वाफ उरलेलं पाणी टाकीत ढकलत होती. भट्टीच्या गाभ्याचा जवळजवळ निम्मा भाग वितळला.

आता यावर आपणच प्रश्न काढू. 'व्हॉल्व्ह उघडा अडकला तर दाब आणि पातळीचं काय होईल?' पर्याय: दोन्ही वाढतील, दोन्ही घटतील, दाब वाढेल, पातळी घटेल, दाब घटेल, पातळी वाढेल. दिसायला झकास! पण व्हॉल्व्ह उघडा असताना दाब वाढेल असं कोण म्हणेल? म्हणजे दोन पर्याय पोकळ, प्रश्न नापास.

मग असं विचारू: 'दाब घसरतोय, पातळी चढतेय. आणीबाणीचं पाणी कमी कराल की चालू ठेवाल, आणि का?' 'कमी करू, कारण टाकी भरत आली आहे' हा पर्याय आता खराखुरा चकवा आहे, कारण त्या पहाटे माणसं नेमकी त्यालाच फसली होती.

परीक्षेनंतरही उमेदवार उत्तरावर हरकत घेऊ शकतात. दोन उत्तरं बरोबर निघाली तर दोन्ही धरतात. ती एकमेकांच्या विरुद्ध असतील तर प्रश्न वगळतात.

हे वाचून मी माझी ती चाचणी पुन्हा काढली आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे लिहायला बसलो: हा कोणत्या गैरसमजातून निवडला जाईल? २० पैकी ९ प्रश्नांपुढे मला काहीच लिहिता आलं नाही.