संगणकाचे तापणे व दुरुस्तीतील आरंभीच्या चुका

शाळेतील संगणक चालता चालता मंद होतो, पंख्याचा आवाज वाढतो आणि थोड्या वेळाने यंत्र आपोआप बंद पडते, हा अनुभव पुष्कळ शिक्षकांस येतो. अशा वेळी स्वतः स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु उष्णतेपासून यंत्र आपले रक्षण बहुधा स्वतःच करते. घाईच्या दुरुस्तीपासून त्याला स्वतःचे रक्षण करता येत नाही. अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर अशा मुंबईच्या उपनगरांत संगणक-दुरुस्तीची दुकाने हाकेच्या अंतरावर असतात. तेथील दुकानात उमेदवारी करणाऱ्या मुलाच्या हातून चूक झाली तर शेजारी जाणता कारागीर असतो व सुटा भागही लवकर मिळतो. खेड्यातील शाळेत तेच यंत्र तालुक्याच्या गावी न्यावे लागते, आणि ते एकुलते एक असेल तर परत येईपर्यंत मुलांचा अभ्यास खुंटतो. म्हणून खेड्यातील शिक्षकाने या चुका आधीच जाणून घेणे अगत्याचे आहे.

उष्णता कोठून येते?

संगणकाने घेतलेली वीज अखेर उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या व १९६२ साली ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळालेल्या संगणकात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. आतील तंतू तापविल्यावाचून अशी नलिका काम करीत नाही. तेथे उष्णता ही कार्याची अटच होती. आजच्या प्रोसेसरला उष्णतेची गरज नाही. तरीही पूर्ण भाराने चालताना टेबलावरील साधारण संगणकाचा प्रोसेसर ६५ वॅटच्या आसपास वीज घेतो. जुना ६० वॅटचा विजेचा दिवा चालू असताना हाती धरवत नसे, हे ध्यानी घेतले म्हणजे नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर केवढा ताप पडतो याची कल्पना येईल.

ही उष्णता ठरावीक वाटेने बाहेर जाते. प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावरून ती मधल्या लेपात, लेपातून ॲल्युमिनियमच्या वा तांब्याच्या पात्यांत, तेथून पंख्याच्या वाऱ्यात आणि अखेर पेटीच्या मागील जाळीतून खोलीत येते. या वाटेत कोठेही अडथळा आला की ताप साचतो. तो १०० अंश सेल्सिअसच्या जवळपास पोहोचला म्हणजे आधुनिक प्रोसेसर आपला वेग कमी करतो आणि तरीही ताप वाढला तर यंत्र बंद करतो. तेव्हा यंत्र मंद होणे हा इशारा आहे.

आधी निदान, मग उपाय

यंत्र सुरू केल्यापासून किती मिनिटांनी बंद पडते ते घड्याळ लावून पाहावे. थंड यंत्र वीस मिनिटांनी बंद पडते आणि लगेच पुन्हा सुरू केल्यास पाच मिनिटांतच बंद पडते, असे आढळल्यास उष्णतेचा संशय बळावतो. बंद पडण्यास काही क्रमच नसेल तर विजेचा दाब व जोडण्या तपासाव्यात. मागील जाळीशी हात धरून वारा येतो का ते पाहावे. यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या ‘बायोस’ या पडद्यावर बहुधा तापमान दिसते; ते टिपून ठेवावे.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका

पहिली चूक म्हणजे पेटीची बाजू काढून समोर टेबल-फॅन लावणे. परीक्षेपुरते हे योग्य आहे. तसे केल्याने ताप उतरला तर वाऱ्याची वाट अडली आहे हे कळते. परंतु पेटी कायम उघडी ठेवल्यास धूळ व पाली आत शिरतात आणि मुलांची बोटे पंख्यात जाण्याचा धोका राहतो.

दुसरी चूक सफाईतील. पश्चिम द्रुतगती मार्गाच्या वा लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेला रस्त्याची धूळ व पावसाळी दमटपणा यांचा थर पात्यांवर बसतो. खेड्यातील शाळेत मैदानाची माती व खडूची पूड तेच करते. ती काढताना जोराच्या हवेने पंखा गरगर फिरू दिल्यास त्याचे बेअरिंग खराब होते. यंत्र बंद करून, वायर भिंतीतून काढून, पाते बोटाने धरून मऊ ब्रशाने धूळ झाडावी. आतील भागांस हात लावण्यापूर्वी पेटीच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युत् निघून जाते.

तिसरी चूक लेपाची. भाकरी जेथे तव्याला टेकत नाही तेथे कच्ची राहते, कारण मधली हवा उष्णता नीट वाहू देत नाही. दोन धातूंमधील अशा सूक्ष्म पोकळ्या भरणे एवढेच लेपाचे काम. जुन्या वाळलेल्या लेपावर नवा थापू नये. जुना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढा नवा लावावा. टूथपेस्ट हा पर्याय नव्हे. ती लवकरच वाळून निरुपयोगी होते.

चौथी चूक बळाची. वाळलेल्या लेपाने चिकटलेला पात्यांचा ठोकळा हिसक्याने ओढल्यास काही जातींचे प्रोसेसर खोबणीतून उपटून येतात व त्यांच्या पिना वाकतात. यंत्र काही मिनिटे चालवून लेप मऊ करावा, मग वीज तोडून ठोकळा हळूच डावी-उजवीकडे फिरवीत सोडवावा. बसविताना स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे आवळावेत.

पाचवी चूक विसरण्याची. पंख्याची बारीक वायर पुन्हा जोडली जात नाही, यंत्र थोड्या वेळात बंद पडते आणि मदरबोर्ड गेला असे समजून विनाकारण खर्च केला जातो. म्हणून एका वेळी एकच बदल करावा व त्याची नोंद ठेवावी.

वीज पुरविणारा आतील डबा मात्र शिक्षकाने वा विद्यार्थ्याने कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये जिवाला अपाय करील इतका भार शिल्लक राहू शकतो.

वर्गातील पाठ

इयत्ता सहावी-सातवीस हा विषय प्रयोगाने शिकविता येईल. दोन सारख्या बाटल्यांत सारखेच कोमट पाणी भरून बुचे घट्ट लावावीत. एक पंख्याच्या वाऱ्यात व दुसरी आडोशाला ठेवावी. दर पाच मिनिटांनी तापमान घेता यावे म्हणून बुचातून तापमापी बसवावी व मुलांकडून तक्ता भरून घ्यावा. वाऱ्यातील बाटली लवकर निवते. परंतु कितीही वेळ ठेवली तरी खोलीच्या तापमानाखाली जात नाही. पंखा थंडी निर्माण करीत नसून उष्णता वाहून नेतो, हे मुलांनी स्वतःच्या तक्त्यावरून सांगावे. मग शाळेचा संगणक कोठे ठेवावा हा प्रश्न त्यांच्यापुढे मांडावा. खिडकीतील उन्हापासून व फळ्यापासून दूर, मागे वीतभर मोकळी जागा सोडून, अशी उत्तरे त्यांच्याकडूनच येतील. त्याप्रमाणे यंत्राची जागा बदलून तापमान पुन्हा टिपावे आणि दोन्ही नोंदी संगणकाजवळ ठेवलेल्या वहीत तारखेसह लिहून ठेवाव्यात.