नाव अचूक, तर उपाय अचूक

मुलांनो, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस न्यू गिनी बेट आहे. तेथील सेपिक नदीकाठच्या लोकांची मासेमारी, बाजार, दवाखाना, सारे होडीवर अवलंबून. १९७० नंतरच्या दशकात साल्व्हिनिया या तरंगत्या नेच्याने त्या नदीचे पाणी झाकून टाकले. होड्या अडल्या, काही गावे ओस पडली.

उपायास विलंब का लागला? नेच्याची ओळखच चुकली होती! त्यास दुसरीच जात समजून शास्त्रज्ञांनी त्याचे नैसर्गिक शत्रू भलतीकडे शोधले. १९७२ साली डेव्हिड मिचेल यांनी ही जात निराळी असल्याचे दाखविले. १९७८ साली तिचे मूळ स्थान आग्नेय ब्राझीलमध्ये सापडले. तेथे तिच्यावरच जगणारा, दोन मिलिमीटर लांबीचा एक भुंगेरा मिळाला. इतर वनस्पतींना तो अपाय करीत नाही, अशी खात्री करूनच १९८० साली तो ऑस्ट्रेलियातील मूनडारा जलाशयात सोडण्यात आला. सुमारे वर्षभरात पाणी मोकळे झाले. पुढे सेपिक नदीवर आणि आपल्या केरळातही त्याने हेच कार्य केले.

नद्या-तलावांची सेवा करावयाची असेल, तर जलजीवशास्त्र अवश्य शिका. पण ध्यानात ठेवा: शत्रूशी झुंजण्यापूर्वी त्यास नीट ओळखावे लागते.