मऊ धातूपासून कठीण धातू

परभणीच्या बाजारात तांब्याची भांडी व काशाची ताटे शेजारी शेजारी मांडलेली तुम्ही पाहिली असतील. तांबे ठोकले असता वाकते. त्यात कथील मिसळून केलेले कासे मात्र कठीण असून टिचकी मारताच खणखणते. मऊ तांब्यात त्याहूनही मऊ कथील घातल्याने कठीण पदार्थ कसा निपजावा, असा प्रश्न आमच्या वर्गात एका विद्यार्थ्याने विचारला. त्याचेच उत्तर आम्ही येथे देत आहो.

धातूचे अणू मोसंब्यांच्या ढिगाप्रमाणे थरावर थर रचलेले असतात. जोर पडला म्हणजे थर घसरतात व धातू वाकतो. मध्येच निराळ्या आकाराचा अणू आला, तर थर अडतात. धातू बळकट होतो.

हाच नियम टायटेनियम व झिर्कोनियम या धातूंना लावून पाहू. दोहोंची साधी रचना षट्कोनी. तापविले असता टायटेनियमची 882 व झिर्कोनियमची 863 अंश सेंटिग्रेडवर घनाकृती होते. अशा साम्यामुळे ते कोणत्याही प्रमाणात एकजीव होतात. झिर्कोनियमचा अणू जरा मोठा, म्हणून मिश्रण बळकट होते. शेकडा सुमारे 15 भाग झिर्कोनियम असलेला टायटेनियमचा मिश्रधातू दंतवैद्य कृत्रिम दाताच्या मुळासाठी वापरतात.

आता तिसरे द्रव्य घाला. ॲल्युमिनियम व ऑक्सिजन षट्कोनी रचनेस आधार देतात. नायोबियम व मॉलिब्डेनम घनाकृतीस. नायोबियम पुरेसे असल्यास धातू निवल्यावरही घनाकृती रचना टिकते.

याचे महत्त्व काय? पावसाळ्यात काळ्या चिखलात घसरून एखाद्या वृद्धाचे खुब्याचे हाड मोडते. तेथे बसवावयाचा धातू बळकट हवा, पण फार ताठर नको. सारा भार त्यानेच उचलला, तर शेजारचे हाड काम न उरल्याने क्षीण होते. पोलाद टायटेनियमच्या जवळजवळ दुप्पट ताठर आहे. टायटेनियमात शेकडा 13 भाग नायोबियम व 13 भाग झिर्कोनियम घातले, तर ताठरपणा आणखी सुमारे चतुर्थांशाने घटतो, आणि बळ मात्र वाढते.

उलट बाजूचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. तारापूर अणुवीज केंद्राच्या 3 व 4 क्रमांकाच्या भट्ट्यांत, झिर्कोनियममध्ये शेकडा अडीच भाग नायोबियम मिसळलेल्या नळ्या बसविल्या आहेत. सुमारे 300 अंश तापलेल्या जड पाण्याचा दाब त्या सोसतात. एवढ्याशा नायोबियमने हे बळ येते.

तथापि अधिक म्हणजे उत्तम, असे समजू नये. किंचित ऑक्सिजनने टायटेनियम बळकट होतो. जास्त झाला तर ठिसूळ होऊन तडकतो. म्हणून काय मिसळावे याइतकेच किती मिसळावे, हेही शिकावे लागते. घरी काशाचे ताट वाजवून पाहाल, तेव्हा त्या नादामागे कोणाचा तरी अचूक तोल आहे, हे ध्यानात धरा.