पाप कोणाचे? रक्तातील दोष आणि डॉ. बॉयटलर यांचे संशोधन

शास्त्रभाग : योहान ९:१-७

जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला जो प्रश्न विचारला, तो आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले, आणि लगेच मातीचा चिखल करून कामाला सुरुवात केली. या भागावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले असतील. पण हाच प्रश्न आदिवासी पाड्यांवर आजही रोज विचारला जातो. एखाद्या घरातला मुलगाच वारंवार पिवळा का पडतो? मलेरियाच्या गोळ्या सगळ्यांनी घेतल्या, मग याच्याच लघवीचा रंग काळा का झाला? भगत म्हणतो करणी, सासू म्हणते सुनेचा पायगुण, आणि आपल्यातलेही काही जण दबक्या आवाजात म्हणतात, "काहीतरी असेल त्यांच्या घरात."

सिकलसेलविषयी आता बऱ्याच वाचकांना माहिती झाली आहे. त्याच पाड्यांवर आढळणारा दुसरा एक रक्तदोष मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही. त्याचे नाव लांबलचक आहे : ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज या एन्झाइमची कमतरता. डॉक्टर त्याला थोडक्यात जी-सिक्स-पीडी म्हणतात. जगभरात सुमारे ४० कोटी लोकांमध्ये हा दोष असल्याचा अंदाज आहे. तो आपल्याला समजला त्यात अर्नेस्ट बॉयटलर या संशोधकाचा वाटा मोठा आहे, म्हणून आजचा अभ्यास त्यांच्या कामावर.

बॉयटलर यांचा जन्म १९२८ साली बर्लिनमध्ये एका यहुदी कुटुंबात झाला. आई आणि वडील दोघेही डॉक्टर. हिटलरची सत्ता आल्यावर या कुटुंबाला जर्मनी सोडावा लागला आणि ते अमेरिकेत मिलवॉकी येथे स्थायिक झाले. अर्नेस्ट शिकागो विद्यापीठात शिकून एकविसाव्या वर्षीच डॉक्टर झाले. पुढे कॅलिफोर्नियातील सिटी ऑफ होप आणि नंतर स्क्रिप्स या संस्थांमध्ये त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षे रक्ताचा अभ्यास केला. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र ब्रूस यांना २०११ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्यांचे पहिले महत्त्वाचे काम प्रायमाक्वीन या मलेरियाच्या गोळीसंबंधी आहे. ही गोळी आजही आपल्या आरोग्य केंद्रात मिळते. व्हायव्हॅक्स मलेरियाचे जंतू यकृतात दडून बसतात आणि ताप पुन्हा पुन्हा उलटतो. त्या दडलेल्या जंतूंना मारण्यासाठी ती चौदा दिवस देतात. परंतु काही थोड्या लोकांना ती घेतल्यावर दोन-तीन दिवसांत लघवी काळसर होई, रक्त झपाट्याने कमी होई. दोष गोळीचा की माणसाचा, हे कोणालाच कळत नव्हते.

१९५४ च्या सुमारास शिकागोजवळील स्टेटव्हिल तुरुंगात डॉ. आल्विंग यांच्या गटाने हा प्रश्न हाती घेतला. तरुण बॉयटलर त्या गटात होते. ज्यांना गोळी सोसत नाही त्यांच्या लाल पेशींना किरणोत्सर्गी क्रोमियमची खूण करून त्या निरोगी माणसाच्या शरीरात सोडल्या आणि त्याला प्रायमाक्वीन दिले. फक्त त्या पाहुण्या पेशी फुटल्या, त्याच्या स्वतःच्या शाबूत राहिल्या. मग उलट करून पाहिले : निरोगी माणसाच्या पेशी गोळी न सोसणाऱ्याच्या शरीरात टिकल्या. म्हणजे दोष लाल पेशीच्या आतच होता. आणखी एक गोष्ट दिसली. गोळी चालू ठेवली तरी काही दिवसांनी रक्त फुटणे थांबत असे, कारण जुन्या पेशी संपून नव्या, तरुण पेशी येत, आणि त्या जास्त सोशिक असत.

इथे थोडे थांबावेसे वाटते. ही माणसे कैदी होती. त्यांनी संमतीपत्रावर सह्या केल्या होत्या, हे खरे. पण गजाआडच्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो? न्युरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांवर खटला चालला, तेव्हा बचावपक्षाने याच तुरुंगातल्या मलेरियाच्या प्रयोगांकडे बोट दाखवले होते. नाझींमुळे घर सोडावे लागलेला मुलगा पुढे त्याच तुरुंगात काम करू लागला, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. त्या ज्ञानाने आज जीव वाचतात म्हणून ते आपण टाकून देणार नाही. पण ते कोणाच्या शरीरातून आले, हे विसरणे मला योग्य वाटत नाही. गोळी न सोसणारे ते कैदी मुख्यतः कृष्णवर्णीय होते, आणि त्यांची नावे आपल्यापैकी कोणालाच माहीत नाहीत. आपल्या पाड्यावर कोणी रक्ताचे नमुने घ्यायला आले की मला ही माणसे आठवतात. नमुना कशासाठी घेतला, त्यात काय निघाले, हे त्या घराला त्याच्या भाषेत सांगितलेच पाहिजे, असा आग्रह मी धरते तो त्यामुळेच.

पेशी का फुटतात? लोखंड हवेत गंजते तसा आपल्या शरीरातही प्राणवायूमुळे एक प्रकारचा गंज सतत चढत असतो. लाल पेशीत तर लोहही असते आणि प्राणवायूही. हा गंज पुसायला पेशीत ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ असतो. तो वापरला गेला की पुन्हा कामाचा व्हावा लागतो, आणि त्यासाठी जी शक्ती लागते ती पुरवण्याचे काम जी-सिक्स-पीडी करते. बॉयटलर यांनी दाखवले की गोळी न सोसणाऱ्यांच्या पेशीत ग्लुटाथायोन टिकत नाही. १९५६ मध्ये आल्विंग यांच्याच गटातील कार्सन व सहकाऱ्यांनी मूळ कारण शोधले : हे एन्झाइमच कमी असते. इतर पेशी तुटफूट झाल्यास नवे एन्झाइम बनवू शकतात. लाल पेशीला केंद्रकच नसते. जन्मताना मिळालेल्या शिदोरीवर तिला सुमारे १२० दिवस काढावे लागतात, म्हणून फटका तिलाच बसतो.

हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळते, त्यामुळे मुलगे जास्त आजारी पडतात आणि बाप हा दोष मुलाला देऊच शकत नाही. हे सांगताना मला भीती वाटते, कारण ऐकणारे लगेच म्हणतात, "म्हणजे दोष सुनेचाच ना!" त्यांना मी पुढचेही सांगते. त्या आईला तो तिच्या बापाकडून किंवा आईकडून आला, त्यांना त्यांच्या आईबापांकडून. ज्या मुलुखात मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता तिथेच हा दोष जास्त सापडतो, कारण तो मलेरियापासून काहीसे संरक्षण देतो. ज्या पूर्वजांमुळे तो आला, ते कदाचित त्याच्यामुळेच जगले असतील. शिष्यांच्या प्रश्नाला याहून चांगले वैद्यकीय उत्तर मला तरी माहीत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत बॉयटलर यांनी १९६२ मध्ये एक सुंदर गोष्ट सिद्ध केली. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असली तरी त्यांपैकी एकच जागे असते, असे इंग्लंडच्या मेरी लायन यांनी उंदरांवरून आदल्याच वर्षी मांडले होते. हा दोष एका बाजूने मिळालेल्या स्त्रियांच्या रक्तात काही लाल पेशी पूर्ण निरोगी आणि काही पूर्ण सदोष असतात, असे बॉयटलर यांनी दाखवले. गोधडीसारखे ठिगळांचे रक्त! त्यामुळे साध्या चाचणीत अशा स्त्रीचा दोष पुष्कळदा निसटतो. "चाचणी चांगली आली" एवढ्यावर तिच्याबाबत निर्धास्त राहू नये.

ही साधी चाचणीसुद्धा त्यांचीच देणगी. १९६६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत रक्ताचा थेंब एका द्रावणात मिसळून गाळणकागदावर ठेवतात, वाळवतात आणि अतिनील दिव्याखाली पाहतात. चमकला तर एन्झाइम आहे, न चमकला तर कमी. मोठे यंत्र लागत नाही.

आपल्या देशात या दोषाचे वेगवेगळे प्रकार आहेत. मुंबईच्या पारशी समाजात तो १९६३ मध्येच नोंदला गेला. आदिवासी समाजांत सापडणाऱ्या एका प्रकाराला ओरिसाचेच नाव आहे. स्टेटव्हिलमध्ये रक्त फुटणे आपोआप थांबले म्हणून आपल्याकडेही थांबेल, असे मात्र धरू नये. भूमध्य प्रकारात तरुण पेशीही दुबळ्या असतात. तेव्हा प्रायमाक्वीन चालू असताना लघवी चहासारखी किंवा काळसर झाली, डोळे पिवळे झाले, धाप लागली, तर गोळी तिथेच थांबवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचे. भगताकडे जाऊन मग नव्हे. उलट, या भीतीने सर्वांनीच गोळी टाकून देणेही चूक. उलटणारा मलेरिया लेकरांचे रक्त तितकेच खातो. आपल्या आशाताई आणि मंडळीतील स्वयंसेवक यांनी तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी जाऊन फक्त एवढेच विचारले, "लघवीचा रंग कसा आहे?" तरी मोठे काम होते.

बॉयटलर यांचे आणखी एक काम आपल्यासारख्या देणगीवर चालणाऱ्या सेवेला विचार करायला लावणारे आहे. गोशे रोगात एका वेगळ्या एन्झाइमच्या अभावी पाणथरी फुगते आणि हाडे ठिसूळ होतात. १९९१ मध्ये अमेरिकेत यावर एन्झाइमचे औषध आले. त्या वेळी ते माणसाच्या वारेपासून काढत, आणि एका रुग्णाचा वर्षाचा खर्च लाखो डॉलर होई. बॉयटलर यांच्या गटाने १९९२ मध्ये मांडले की कमी मात्रा, पण अधिक वेळा दिली तर खूप कमी खर्चात तसाच गुण येतो. यावर मोठा वाद झाला. औषध निघाले म्हणून त्यांनी समाधान मानले नाही, ते किती जणांना परवडेल हेही संशोधनाचाच भाग मानले, हे मला आवडते.

आता वाचकांकडे एक विनंती. दरवर्षी थंडीच्या आधी आपण प्रेमाने जुने कपडे, दुपटी, स्वेटर पाठवता. पुष्कळ गाठोड्यांत डांबरगोळ्या असतात. नेफ्थलीनच्या या गोळ्यांचा वास आणि अंश कपड्यांत राहतो, आणि हा दोष असलेल्या तान्ह्या बाळाचे रक्त त्याने फुटू शकते. अंगाला तेल चोळलेल्या बाळाच्या कातडीतून तो आणखी लवकर आत जातो. बाळ पिवळे पडते, आणि कावीळ मेंदूत पोहोचली तर जन्माचे अपंगत्व येते. म्हणून बाळांच्या कपड्यांत डांबरगोळ्या मुळीच घालू नका. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळलेला पाला चालेल. आधीच गोळ्या घालून ठेवलेले तान्ह्यांचे कपडे पाठवू नका. मोठ्यांचे असतील तर धुऊन, दोन-तीन दिवस कडक उन्हात घालून वेगळ्या पिशवीत बांधा आणि पिशवीवर तसे लिहा, म्हणजे वाटप करताना आम्ही ते बाळंतिणीच्या घरात देणार नाही.