लोकर पुरेना, मग काय केले?

आमच्या गोरेगावात थंडी पडली की म्हातारी माणसे पहाटेच शेकोटीपाशी बसतात. अंगावर घोंगडी असते, चादर असते. पण घोंगडी जड, चादर पातळ. मागच्या हिवाळ्यात एका सूनबाईने ठरविले की, आपल्या सासूबाईंना क्रोशाची जाळीदार शाल विणून द्यायची. हलकी आणि उबदार.

कापूस वेचणीच्या मजुरीतून तिने हिंगोलीहून लोकरीचे ७ गुंडे आणले. एक गुंडा ५० ग्रॅमचा. मैत्रिणीकडून नमुन्याचे पुस्तक आणले. ती साक्षरता वर्गात नुकतीच वाचायला शिकली होती. अक्षर अक्षर लावून तिने पुस्तक वाचले आणि सुई हातात घेतली.

आठ दिवसांनी ती आमच्याकडे आली. तोंड उतरलेले.

"गुरुजी, पुस्तकात लिवलंय तसंच केलं म्या. एक गुंडा सरला. शाल निस्ती रुंद रुंद होऊ लागली. लोकर पुरंना. असं कामून झालं?"

आम्हाला क्रोशा येत नाही. पण मोजमाप येते. आम्ही म्हटले, "सूनबाई, चूक तुझ्या हाताची नाही. हा हिशेबाचा प्रश्न आहे. फूटपट्टी आण."

तो हिशेब आपण सर्वांनी समजून घ्यावा, म्हणून हा पाठ लिहिला आहे.

क्रोशा म्हणजे काय?

क्रोशा हा शब्द फ्रेंच भाषेतला. त्याचा अर्थ लहान आकडा. या सुईचे टोक आकड्यासारखे वळलेले असते. त्यात धागा अडकवून एका फासातून दुसरा फास ओढायचा. एवढ्यावर सगळे काम चालते.

दोन टाके मुख्य आहेत. पहिला साखळी. फासातून फास काढत गेले की साखळी होते. दुसरा खांब. सुईवर धाग्याचा एक वेढा घेऊन उभा टाका घालतात, तो खांब. एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा एक खांब असे केले की मध्ये एक चौकोनी भोक राहते. त्याला आपण घर म्हणू. अशी घरेच घरे म्हणजे जाळी. भोकात साखळ्यांऐवजी दोन खांब भरले की ते घर भरते. भरलेल्या आणि रिकाम्या घरांनी नक्षी उठते. अंगणात ठिपके मोजून रांगोळी काढतो, तशीच ही घरे मोजायची.

चूक कोठे झाली?

पुस्तकात लिहिले होते : शालीची रुंदी ९० सेंटिमीटर, लांबी १८० सेंटिमीटर, रुंदीत ६० घरे.

आम्ही तिला विणलेली १० घरे मोजायला सांगितली. ती १८ सेंटिमीटर भरली. पुस्तकातील शालीची १० घरे मात्र १५ सेंटिमीटरची होती. कारण पुस्तकातील लोकर बारीक होती, आणि हिची जाड. जाड लोकरीला सुईही जाड लागते. मग घर मोठे होते.

आता पाहा. १० घरांना १८, तर ६० घरांना १०८ सेंटिमीटर. म्हणजे शाल ९० ऐवजी १०८ सेंटिमीटर रुंद होत होती.

त्या रुंदीने एका गुंड्यात २० सेंटिमीटर लांबी झाली होती. ७ गुंड्यांत १४० झाली असती. हवी होती १८०. पुरी ४० सेंटिमीटर कमी! म्हातारीचे खांदे झाकले असते, पण पुढून लपेटता आली नसती. मजुरीचे पैसे गेले असते, आणि शालही अंगास लागली नसती.

पुस्तक मोडले, शाल वाचली

"मग काय पुस्तक खोटं हाय?" तिने विचारले.

पुस्तक खोटे नव्हते. ते दुसऱ्या लोकरीसाठी लिहिले होते. पुस्तकाचा आकडा धरायचा की पुस्तकाचा हेतू धरायचा? हेतू होता ९० सेंटिमीटरची रुंदी. आकडा आपण बदलू शकतो.

१८ सेंटिमीटरला १० घरे, तर ९० सेंटिमीटरला ५० घरे. म्हणजे १० घरे कमी करायची.

पहिली साखळी किती घालायची? त्याची रीत अशी : घरांची संख्या गुणिले ३, अधिक ५. ५० घरांना १५० अधिक ५, म्हणजे १५५ साखळ्या. सुईपासून आठव्या साखळीत पहिला खांब घालायचा. तेथे पहिले घर झाले. मग दोन साखळ्या घालायच्या, खालच्या दोन सोडायच्या, तिसरीत खांब. असे ४९ वेळा.

नक्षीचाही हिशेब करावा लागला. पुस्तकात शंकरपाळीसारखा चौकोन होता. तो १० घरे रुंद, आणि दोन्ही बाजूंना एक एक घर रिकामे. एकूण १२ घरे. ६० घरांत तो ५ वेळा बसत होता. ५० घरांत ४ वेळा बसतो, ४८ घरे होतात, २ उरतात. ती दोन घरे दोन काठांना एक एक वाटून दिली. नक्षी मधोमध आली.

हे सारे तिने चौकटीच्या वहीत पेन्सिलने काढून पाहिले. वहीचा एक चौकोन म्हणजे जाळीचे एक घर. पहिल्या ओळीत २ चौकोन भरले, मग ४, ६, ८, १०, आणि पुन्हा ८, ६, ४, २. नऊ ओळींत नक्षी पुरी. दहावी ओळ रिकामी ठेवली. कागदावर चूक झाली तर खोडरबर आहे, म्हणून आधी कागद, मग लोकर.

मग विणलेले उसवले. उसवताना तिच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही म्हटले, "बाई, कापड एकदा कापले की कापले. क्रोशाचे तसे नाही. धागा वाया जात नाही." उसवलेली लोकर वाकडी होते. ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून, थोडी ओली करून सावलीत वाळविली की बरीच सरळ होते.

शेवटची अडचण

नव्या रुंदीने एका गुंड्यात २० ओळी, म्हणजे २४ सेंटिमीटर लांबी झाली. सात गुंड्यांत १६८. तरी १२ सेंटिमीटर कमी!

ती आणखी एक गुंडा आणायला हिंगोलीला गेली. पण प्रत्येक गुंड्याच्या चिठ्ठीवर लॉट नंबर असतो. एका वेळी रंगविलेल्या लोकरीचा नंबर एकच असतो. नंबर बदलला की रंगात थोडा फरक पडतो. तिने चिठ्ठी वाचली. नंबर वेगळा होता. शेजारी धरून पाहिले, तर रंग उजळ. वाचता येत नसते, तर शालीच्या मध्येच पट्टा दिसला असता.

मग तिनेच युक्ती काढली. ती आमची नव्हे. तिने अगदी वेगळ्या रंगाचा, हळदीसारखा पिवळा गुंडा घेतला. दोन्ही टोकांना पाच पाच ओळींचा, म्हणजे ६ सेंटिमीटरचा काठ लावला. १६८ आणि १२ मिळून १८० झाले. लोकर कमी पडली होती, असे आता कोणी म्हणत नाही. लोक म्हणतात, काठ काय शोभतो!

एक खूण लक्षात ठेवा. प्रत्येक ओळीच्या शेवटी घरे मोजा. नवी ओळ सुरू करताना पाच साखळ्या घालतात. त्यांतील तीन पहिल्या खांबाच्या, दोन घराच्या. परत येताना शेवटचा खांब त्याच तिसऱ्या साखळीत घालावा. तो विसरला की दर ओळीला एक घर घटते, आणि शाल निमुळती होत जाते.

दुसरी सूचना : दुकानात लोकर म्हणून मिळते ती पुष्कळदा मेंढीची नसते, ॲक्रिलिकची असते. ती विस्तवाने वितळते. म्हणून शाल घेऊन शेकोटीच्या फार जवळ बसू नये.

वेळेचीही वही ठेवा

शाल पाहून एका बाईंनी तशीच शाल विकत मागितली. आमची सूनबाई म्हणाली, "लोकरीचे पैसे द्या म्हंजी झालं. बाकी मी रिकाम्या वेळात विणते."

आम्ही तिला थांबविले. एका ओळीला १२ मिनिटे लागतात. १४० ओळींना १६८० मिनिटे, म्हणजे २८ तास. शिवाय काठ. हे २८ तास फुकट कसे?

ही गोष्ट नवी नाही. आयर्लंड देशात १८४५ पासून बटाट्याचे पीक रोगाने बुडाले, मोठा दुष्काळ पडला. तेव्हा तेथील बायांनी क्रोशाची जाळी विणून विकली आणि घरे तगविली. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाकडे नरसापूर गाव आहे. आपल्या मराठवाड्यातून वाहणारी गोदावरीच ती. तेथे ख्रिस्ती मिशनऱ्यांनी गेल्याच्या मागच्या शतकात ही विद्या शिकविली. तेथील जाळी परदेशात जाते. मारिया मीस नावाच्या विदुषीने त्या बायांवर १९८२ साली पुस्तक लिहिले. बाया दिवसाचे कित्येक तास विणत. पण लोक म्हणत, या तर घरीच बसून असतात. काम मोजले नाही, म्हणून दामही थोडा मिळाला.

म्हणून घरे मोजता, तशी मिनिटेही मोजा. वहीत लिहा. सूनबाईने आता लोकरीचा खर्च आणि वेळेची मजुरी मिळून भाव सांगितला. बाईंनी थोडी घासाघीस केली, पण दिला.

सासूबाई ती शाल पांघरून ओट्यावर बसतात. कोणी विचारले तर पिवळा काठ पुढे करून म्हणतात, "हे पुस्तकात नव्हतं बरं. हे मह्या सुनंनं केलं."

सोडवून पाहा

१. तुमच्या लोकरीची १० घरे २० सेंटिमीटर भरली, तर ९० सेंटिमीटर रुंदीला किती घरे लागतील? पहिली साखळी कितीची?

२. शेजारची २ घरे भरली की ७ खांब होतात. ४ घरे भरली की १३ होतात. १० घरे भरली तर किती?

३. तुम्ही रिकाम्या वेळात कोणते काम करता? त्याला आठवड्यात किती तास लागतात, ते वहीत लिहा.